पद्माक्कांचं कोरडं वजन

पद्माक्कांनी माझ्याआधी तिची विचारपूस केली.

सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा संपवून मी त्या सोमवारी डायलिसिस युनिटच्या दारात उभी होते. बसमध्ये सबंध वाटेत एकच चित्र डोळ्यांपुढे होतं. अक्का मला बघतील आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडतील, "आली का गं भवानी!" नऊ वर्षं आठवड्यातून तीनदा त्यांच्या डाव्या हातात मी सुया टोचल्या होत्या. एवढा तरी हक्क मला वाटत होता.

अक्का आल्या, चार नंबरच्या खाटेवर बसल्या आणि उशाशी भिंतीवर लावलेल्या साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या डबीकडे वळून म्हणाल्या, "काय नोंदबाई, बरं हाय न्हवं?"

"मी बरी आहे, अक्का," डबी म्हणाली. आवाज मऊ होता. घाईत नसलेल्या बाईचा. "बुधवारी घरी गेल्यावर पायात गोळे आले होते म्हणालात. नंतर थांबले का?"

"थांबलं बाई. कसं ध्यानात राहतंय गं तुझ्या!"

मग त्यांना मी दिसले. "अगं एस्तेर! बाळ कसं हाय?" त्या मनापासून हसल्या. पण मी दुसरी होते.

आमचं करुणाश्रय रुग्णालय कृष्णाकाठचं, ट्रस्टचं. शिरोळ, कुरुंदवाड, पार अथणीपासून माणसं येतात. निम्मी वाक्यं मराठीत सुरू होऊन कानडीत संपतात. संगणकावर नोंदी ठेवण्याचा प्रयत्न इथं दोनदा झाला आणि दोनदा आपटला. पहिल्या वेळी एका पेशंटला चौदा पडदे भरायचे होते, तेही इंग्रजीत. आम्ही आपलं वहीत लिहायचो आणि ड्युटी संपताना सगळ्यांचं मिळून एकदम टाइप करायचो, आठवेल तसं. दुसऱ्या वेळी सगळ्या सिस्टर्सना वेगवेगळे पासवर्ड दिले. ते कुणाला लक्षात राहीनात, म्हणून एकच पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला. डॉक्टर तर औषधाच्या कंपनीनं दिलेल्या पॅडवरच लिहीत राहिले. शेवटी दोन्ही संगणकांवर प्लास्टिकची खोळ चढली आणि खोळीवर डबे ठेवायची सोय झाली.

नोंदबाईनं यातली एकही अडचण ठेवली नव्हती. कंपनीनं तिला दिलेलं लांबलचक नाव पेशंटांनी आठवड्यात टाकून दिलं होतं. तिला टाइप करून काही सांगावं लागत नसे. खाटेशी जे बोललं जाई ते ती ऐके, कानडी-मराठीच्या खिचडीतून कामाचं तेवढं वेचून घेई. वजनकाट्याचा आकडा, रक्तदाब, यंत्राचे काटे तिच्याकडे आपसूक जात. आता वाटेत अडथळा असा एकच उरला होता, आणि तो रोज सकाळी साडेसातला पांढरे बूट घालून कामावर येत होता.

*

नोंदबाईचं खरं काम लिहिण्याच्या पुढचं होतं. ते समजायला आमचं काम थोडं समजायला हवं.

किडन्या बंद पडल्या की प्यालेलं पाणी अंगात साठत जातं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास रक्त यंत्रातून फिरवून ते काढावं लागतं. किती काढायचं? आजच्या वजनातून कोरडं वजन वजा करायचं. कोरडं वजन म्हणजे अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन भरेल ते. कमी काढलं तर दम लागतो, जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. आणि गंमत अशी, की काट्यावरच्या साठ किलोंत पाणी किती आणि बाई किती, हे काटा सांगत नाही. ते माणसाकडे बघून ठरवावं लागतं: डोळ्यांखालची सूज, पायावर बोट दाबल्यावर पडणारा खळगा, चालीतला जडपणा.

नोंदबाई प्रत्येक पेशंटचं एक आकड्यांचं जुळं बनवायची. रक्ताच्या नळीवर एक प्रकाशाचा चिमटा असे. पाणी निघेल तसं रक्त किती दाट होतंय ते तो बघे. त्यावरून आणि नाडीच्या चालीवरून मांसातलं पाणी रक्तात किती वेगानं परत येतंय याचा हिशेब लागे. मग ती आधी त्या जुळ्याचं डायलिसिस करून बघायची, मिनिटभरात शंभर वेळा, आणि ज्यात जुळ्याला कमीत कमी त्रास झाला तो वेग खऱ्या माणसाला लावायची. युनिटमधले पायात गोळे येण्याचे प्रकार तीन महिन्यांत निम्म्यावर आले होते. हे मला मान्य करायला लागू नये म्हणून मी ते आकडे लावलेल्या फळ्याकडे बघतच नसे.

तिच्यासोबत रुबीनाही आली होती. रुबीना मुल्ला, तेवीस वर्षांची टेक्निशियन. हाताला चपळ, जिभेला त्याहून. "सिस्टर, तुमच्या वेळी सगळं पाठ करायला लागायचं ना?" तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. चौतीस वर्षांच्या मला. तुमच्या वेळी!

दुपारी स्टोअररूमचं दार लावून, सलाईनच्या खोक्यांमध्ये बसून मी नोमीसाठी दूध काढत असे. बाहेरून अक्कांचा आवाज येई. नातीची परीक्षा, सुनेचं माहेर, जे नऊ वर्षं मला सांगितलं ते सगळं त्या डबीला सांगत. घरी गेले की सासूबाई म्हणत, "आज नोमीनं टाळ्या वाजवल्या हं. तीन वेळा." मी वाजवून दाखवल्या तर नोमी माझ्याकडे बघे आणि मग सासूबाईंकडे हात पसरी.

*

कागद आणि नोंदबाई असं दोन्ही बरोबरीनं चालवायचे ते महिने होते. किती पाणी काढायचं ते अजून वहीतल्या वजनावरूनच ठरे. एक तारखेपासून वही बंद होणार होती. त्या काळात नोंदबाई जुन्या वह्या ताडून बघे आणि अडलं की कामाच्या टेबलावरच्या पडद्यावर प्रश्न टाके. मी आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिनं विचारलं:

"पद्मावती चौगुले यांचं वहीतलं वजन, बूट वजा करूनही, काट्याच्या वजनापेक्षा दर वेळी एक किलो चारशे ग्रॅमनं कमी आहे. याचं कारण सांगू शकाल का?"

सांगू शकत होते. अक्कांना लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, मांडीपासून बुटापर्यंत, नऊवारीखाली झाकलेला. चार पुरुषांसमोर तो काढायची त्यांना लाज वाटे. पहिल्याच वर्षी त्यांनी माझं मनगट धरून सांगितलं होतं, "पायाची दवंडी नको गं पिटूस." मी त्यांना पडद्याआड नेलं, तो एकदाच काढून तोलला आणि तेव्हापासून काट्यावरचा आकडा वाचता वाचता एक-चारशे मनातच वजा करून वहीत लिहीत आले. अक्कांनाही हे ठाऊक नव्हतं. रजेवर जाताना मंगल सिस्टरला 'ओव्हर' देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटचं सांगतात तसं, मी ते कानात सांगितलं. मंगल सिस्टर मी परतले त्याच आठवड्यात निवृत्त झाल्या. अक्का बूट काढत नाहीत हे सगळ्यांना दिसे. बुटाचे दोनशे ग्रॅम वहीत आणि नोंदबाईकडेही आधीच वजा होत; हे एक-चारशे त्याउपर. साडीखालचं नोंदबाईला दिसत नव्हतं.

म्हणजे जगात ही गोष्ट एकट्या मला ठाऊक होती.

मी 'उत्तर नाही' दाबलं.

अक्कांनी शब्द घेतलाय, मी स्वतःला म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. तिला अक्कांच्या पायातले गोळे ठाऊक होते, नातीचे गुण ठाऊक होते, रात्री किती वेळा उठल्या तेही. एवढं एक तरी माझं राहू दे, असं मला वाटलं.

प्रश्न आणखी दोनदा आला. दोनदा मी तो मिटवला. तीनदा उत्तर नाही मिळालं की तो डॉक्टरांकडे जाई. डॉ. हेरवाड्यांच्या पडद्यावर त्या दिवशी चाळीस सूचना होत्या. त्यांनी बाकीच्या एकोणचाळिसांसारखीच तीही 'पाहिली' म्हणून पुढे सरकवली.

एक तारखेला वही बंद झाली. सोमवारी आणि बुधवारी अक्कांच्या यंत्रावर नोंदबाईनं लावलेला आकडा मी हातानं एक-चारशेनं खाली आणला. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, "अनुभव."

"नोंद केली," ती म्हणाली. मला केवढा आनंद झाला! भांडणात शेवटचा शब्द आपला व्हावा तसा.

*

शुक्रवारी नोमीला ताप भरला. सासूबाई पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या आणि नोमी माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती. त्या दिवशी तिला मीच हवी होते. मला ते सोडवेना. मी रुबीनाला फोन केला.

"रुबीना, मला यायला दहा वाजतील."

"या हो सावकाश. बाळाला बघा आधी. मी लावते सगळ्यांना."

"दोन नंबरच्या काकांची सुई वरच्या बाजूनं टोच. सहा नंबरला खाऊ घालू नकोस, उलटी होते त्यांना. आणि अथणीच्या मावशींना पांघरूण दे लगेच."

"दिलं. आणि अक्का? त्यांचं काही?"

तिनं विचारलं होतं. हे मला विसरता येत नाही. सांगायचं राहून गेलं असं झालं नाही, मला विचारलं गेलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. नोमीचा गरम श्वास माझ्या मानेवर लागत होता आणि माझ्या डोक्यात चाललं होतं: एका दिवशी एक-चारशे जास्त निघालं तर काय होईल? गोळे येतील. अक्का ओरडतील. रुबीनाची जीभ जरा आखडेल आणि सगळे म्हणतील, एस्तेर असती तर असं झालं नसतं. फक्त गोळे येतील.

"नाही," मी म्हटलं. "अक्कांचं तुझ्या नोंदबाईला सगळं माहीत आहे की."

"ते तर आहेच!" ती हसली.

ताप साडेआठला उतरला. नोमीला सासूबाईंकडे देऊन मी निघाले. युनिटचं दार ढकललं तेव्हा पावणेदहा झाले होते. दारातूनच मला अक्का दिसल्या. त्या जांभई देत होत्या.

लोकांना वाटतं, खाटेवर पडून कंटाळा आला असेल. डायलिसिसवरच्या माणसाची जांभई म्हणजे मेंदूला रक्त कमी पडत असल्याची पहिली खूण. मी पर्स टाकली आणि धावले. दुसरी जांभई अर्ध्यात थांबली आणि अक्कांचे डोळे वर गेले.

"पाणी काढणं बंद कर! पाय वर घे, सलाईन सोड!"

रुबीना धावत आली. नोंदबाईचा दिवा त्याच क्षणी पिवळ्याचा लाल झाला. रक्तदाब साठ होता. तिच्या जुळ्याच्या अंगात अजून दीड लीटर पाणी शिल्लक होतं, ते रक्तात येऊन भर घालेल अशी ती वाट बघत होती. अक्कांच्या अंगात ते नव्हतंच.

"अक्का! ओ अक्का! बघा माझ्याकडे!"

चार मिनिटं गेली. मग पापण्या हलल्या. "कशाला ओरडतीस," त्या पुटपुटल्या, "काय मेले न्हाई मी."

रुबीना भिंतीला टेकून रडू लागली. मी अक्कांचा डावा हात हातात घेतला. त्या हातातल्या दोन नसा शस्त्रक्रियेनं जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्यातून रक्त जोरात वाही, आणि कातडीवर बोटं ठेवली की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागे. नऊ वर्षं सुई टोचण्याआधी मी ती घुरघुर बघत आले होते. ती असली की हात जिवंत.

बोटांखाली काही नव्हतं. मी कोपराकडे सरकवली, मनगटाकडे आणली, परत वर नेली. रक्तदाब पडला तेवढ्यात ती नस गोठली होती. संध्याकाळपर्यंत सर्जननी प्रयत्न केले. ती परत चालू झाली नाही. अक्कांच्या गळ्यात नळी घालावी लागली आणि उजव्या हाताची नवी शस्त्रक्रिया ठरली.

*

शनिवारी सुपरिंटेंडेंट साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"काटा बरोबर, यंत्र बरोबर," डॉ. हेरवाडे कपाळ चोळत म्हणाले. "मग बाईचं वजन चुकलं कसं? नोंदबाई म्हणते, कोरड्या वजनात तफावत असावी, कारण माहीत नाही. विचारलं होतं म्हणते. माझ्याकडेही आलं होतं." ते थांबले. "मी बघितलं नाही."

"कुणाला विचारलं होतं?"

"टेबलावर. कुणी उत्तर दिलं नाही. कोण होतं ते कळत नाही, सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे."

"मी सांगतो," सुपरिंटेंडेंट म्हणाले. "ही पोर नवी. डबी सांगते तसं करते, पेशंटकडे बघत नाही. हिला बाह्यरुग्ण विभागात टाका. आणि ती डबी काढा. आपली वही काय वाईट होती?"

सगळ्यांना जणू हायसं वाटलं. अर्ध्या सिस्टर्स मान डोलावत होत्या. कुणीतरी म्हणालंही, "एस्तेरनं नऊ वर्षांत एकदा असं होऊ दिलं नाही." महिनाभर जे जे मनात मागितलं होतं ते ते टेबलावर मांडून ठेवलं होतं. डबी जाणार होती, रुबीना जाणार होती आणि अक्का माझ्या होणार होत्या. मला गप्प बसण्यापलीकडे काही करायचं नव्हतं, आणि त्यात तर माझा हात बसलेला होता.

मी रुबीनाकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक पिळत होती. मग मला बाकीचे एकेचाळीस पेशंट आठवले. कुणाच्या छातीत पेसमेकर, कुणाला एक औषध चालत नाही, कुणाला यंत्र सुरू करताना भीतीनं धाप लागते. हे सगळं कुठं लिहिलेलं होतं? माझ्या डोक्यात. आणि शुक्रवारी मी घरी होते.

"साहेब, मला थोडा वेळ द्या," मी म्हटलं. "आधी अक्कांना सांगायला हवं."

अक्का गळ्याला पट्टी लावून, आदल्या दिवशी अर्धं राहिलेल्या डायलिसिससाठी चार नंबरवर पडल्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि मुद्दाम डबीच्या बाजूला बसले.

"नोंदबाई, ऐकतेयस?"

"ऐकतेय, सिस्टर."

"पद्मावती चौगुले यांच्या डाव्या पायाला कॅलिपर आहे. वजन एक किलो चारशे. वहीतलं वजन ते वजा करून लिहिलेलं आहे. तू तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा मी उत्तर दिलं नाही. शुक्रवारी रुबीनानं फोनवर विचारलं, तिलाही सांगितलं नाही."

"ही नोंद कुणाच्या नावे ठेवू?"

"एस्तेर लोंढे. स्टाफ नर्स."

"कारण नोंदवायचं आहे का?"

"पेशंट तिच्याशी जास्त बोलायला लागल्या, म्हणून."

"'तिच्याशी' म्हणजे कुणाशी?" नोंदबाईनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"तुझ्याशी."

ती म्हणाली, "नोंद केली. कोरडं वजन दुरुस्त केलं." एवढंच. ती माझ्यावर रागावलीही नाही. मला वाटत होतं, निदान रागवावं तरी. बरोबरीच्या बाईवर रागवतात तसं.

अक्का छताकडे बघत होत्या. "पायाचं समद्यास्नी कळलं म्हणायचं आता," त्या म्हणाल्या.

"हो अक्का."

"आणि हात गेला."

"हो."

"नातीच्या गप्पा डबीशी मारल्या त्याच्यापायी?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशीचे उरलेले तीन तास त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्या डबीशीही बोलल्या नाहीत.

*

मला दोन महिने औषधांच्या खोलीत बसवलं. मेमो मिळाला, तो योग्यच होता. नोंदबाई राहिली, रुबीनाही राहिली. रोज दुपारी तासभर मी एकेका खाटेशी उभी राहून जे जे डोक्यात होतं ते मोठ्यानं सांगत असे. एकेचाळीस माणसं होती, बारा दिवस लागले. एकेक गोष्ट सांगताना अंगावरचा दागिना उतरवून दिल्यासारखं वाटे. रुबीना शेजारी उभी राहून ऐके. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सिस्टर, मी विचारलं होतं तुम्हाला." मी पुढच्या खाटेकडे वळले.

मी युनिटमध्ये परतले तोवर अक्कांच्या उजव्या हातातली नवी नस तयार झाली होती. त्यात पहिली सुई घालायचा दिवस होता. पहिली सुई महत्त्वाची. नवी नस पातळ असते, जरा चुकली की आत रक्त पसरतं आणि पुन्हा महिनाभर थांबावं लागतं. अशी सुई नेहमी मीच घाले. मी सवयीनं हात धुतले, ग्लोव्ह्ज चढवले आणि स्टुलावर बसले.

अक्कांनी हात पुढे केला नाही.

"रुबीना," त्यांनी हाक मारली. "तू ये गं."

रुबीनानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. तीन पावलं मागं झाले. ग्लोव्ह्ज आता कशाला, म्हणून काढू लागले. हेव्याचं तेच जुनं दुखणं परत आलं होतं, तसंच्या तसं. ते गेलं असेल असं मला उगीच वाटलं होतं.

"तू कुठं चाललीस?" अक्का म्हणाल्या. "हिच्या मागं हुबी रहा. आणि तोंड उघडं ठेव."

मी रुबीनाच्या खांद्यामागे उभी राहिले. तिनं सुई उचलली.

"आधी बोटं ठेव," मी म्हटलं. "लागतंय घुरघुरल्यासारखं? तिथंच सुई नको. दोन बोटं खाली ये. अक्कांची कातडी सरकते, डाव्या अंगठ्यानं ताणून धर. आता तिरकी. उभी नको, तिरकी. हां. घाल."

सुई आत गेली आणि नळीत रक्त चढलं. अक्कांनी डावा हात रुबीनाच्या गालाला लावून बोटं मोडली.

"शाबास गं पोरी," त्या म्हणाल्या.

"दुसरी सुई चार बोटं वर," मी म्हटलं. "थांब, आधी नीट बघून घे. मी सांगते."